थांबू नकोस, ती बाई नाहीये!

कसाऱ्यातली डोकं नसलेली म्हातारी, कशेडीतला मटण मागणारा पाहुणा, खंडाळ्याच्या घाटातला शिंग्रोबा... बदलापूर-अंबरनाथहून निघणाऱ्या नाइट ड्राइव्हमध्ये यांच्यापैकी एक तरी गाडीत बसतोच. चला, आज यांनाच भेटून येऊ. आणि हो, रस्त्यावर खरंच घाबरायचं कशाला, तेही बघू!

शनिवारची रात्र. कुळगावातून निघालेली चार जणांची गँग ढाब्यावर पोटभर जेवून परत फिरलेली. रस्त्यावर दिवे नाहीत, मोबाइलला रेंज नाही, आणि नेमका त्याच वेळी मागच्या सीटवरचा एक जण आवाज खाली आणतो, ‘तुम्हाला माहितीये का, या रस्त्यावर ना...’

बस्स! पुढचं सगळं तुम्हाला पाठ आहे. पांढरी साडी, मोकळे केस, लिफ्टसाठी पुढे केलेला हात. बाइकवाला थांबतो, ती मागे बसते. दोन किलोमीटरनंतर हा विचारतो, ‘कुठे सोडू?’ उत्तर नाही. वळून बघतो तर सीट रिकामी! आणि हे घडलं कुणाच्या बाबतीत? सांगणाऱ्याच्या कधीच नाही. ते नेहमी ‘मित्राच्या मावसभावाच्या ऑफिसमधल्या एका कलीग’च्या बाबतीत घडलेलं असतं. तो कलीग नंतर आठ दिवस तापाने फणफणतो. त्याचं नाव मात्र कुणालाच माहीत नसतं.

घोडे बदलायचं गाव

आपल्या भागाला अशा गोष्टींची कमी नाही, कारण हा भागच मुळी रस्त्यांचा. ‘बदलापूर’ हे नाव कसं पडलं, असं जुन्या माणसांना विचारा. लांबच्या मोहिमेवर निघालेलं सैन्य इथे दमलेले घोडे बदलायचं, म्हणून बदलापूर, असं ते सांगतात. इतिहासाच्या परीक्षेत हे उत्तर किती मार्क मिळवेल ते सोडा, पण गोष्ट रस्त्याचीच आहे. कल्याणच्या बंदरात उतरलेला माल शतकानुशतकं इथूनच घाटावर चढायचा. एक वाट मुरबाडवरून नाणेघाटाकडे, एक शहापूरवरून थळ घाटाकडे, म्हणजे आपल्या कसाऱ्याकडे आणि एक कर्जत-खोपोलीवरून बोरघाटाकडे. १८५६ साली कल्याणहून निघालेली रेल्वे खोपोलीला पोचली तीही याच अंगाने.

वाटा जुन्या, पण शहरं नवी. अंबरनाथचं शिवमंदिर शके ९८२ चं, म्हणजे इ. स. १०६० मधलं. उल्हासनगर मात्र १९४९ चं. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांना लष्कराच्या कल्याण कॅम्पातल्या बराकींत जागा मिळाली आणि त्यातून शहर उभं राहिलं. आणि कुळगाव-बदलापूर? २००१ च्या जनगणनेत लोकसंख्या लाखाच्या आत होती, २०११ मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात पोचली. म्हणजे दहा वर्षांत जवळपास पावणेदोन पट. परळ, डोंबिवली, घाटकोपरहून ‘स्वस्तात वन बीएचके’ म्हणून आलेली कुटुंबं इथे थाटली. शेवटच्या टॉवरनंतर भातशेती, त्यानंतर झाडी, पुढे बारवीचं धरण. जिथे नगरपरिषदेचा शेवटचा दिवा संपतो, तिथून गोष्ट सुरू होते. नव्या माणसाला त्या अंधाराची ओळख कुणी करून द्यायची? रिक्षावाला, वॉचमन नाहीतर मागच्या सीटवरचा तो मित्र!

चकवा ते लिफ्ट

आपल्या आज्यांकडे या विषयाची फुल टू व्हरायटी होती. पिंपळावर मुंजा, विहिरीपाशी हडळ, अवसेच्या रात्री वेताळाची पालखी. पण रस्त्याचा स्पेशालिस्ट म्हणजे चकवा. तो मारत नाही, काही मागत नाही. फक्त रस्ता विसरायला लावतो. रात्रभर चालावं आणि पहाटे बघावं तर त्याच बांधावर उभे! उपाय एकच. आहे तिथे बसून राहायचं आणि उजाडायची वाट बघायची. जीपीएसच्या आधीच्या काळात, अंधारात वाट चुकलेल्या माणसासाठी याहून शहाणा सल्ला कुठला? दऱ्या-ओढ्यांच्या मुलखात अंदाजाने पाय टाकणारा गेलाच समजा.

चकव्याचा भाऊबंद गिऱ्हा. हा बुडून मेलेल्याचा, वाटसरूला पाण्याकडे ओढणारा. आता आपल्या बदलापूरजवळचं कोंडेश्वर आठवा. पावसाळ्यात तिथे बुडून मृत्यू झाल्याच्या बातम्या कित्येकदा आल्या आणि प्रशासनाला बंदीचे आदेश काढावे लागले. गिऱ्ह्यावर विश्वास नसला तरी त्याच्या सूचनेत दम आहे, हे मान्य करावंच लागतं.

या सगळ्या मंडळींची रीतसर नोंदही झालीये, आणि तीही एका इंग्रज अधिकाऱ्याच्या खटपटीमुळे. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन, ज्याला २१ डिसेंबर १९०९ ला अनंत कान्हेरे यांनी नाटक सुरू होण्याआधी थिएटरात गोळ्या घातल्या, तोच. त्याने गावोगावच्या शाळामास्तरांकडून देव, भुतं, नवस, तोडगे यांची माहिती मागवली होती. त्याच्या मृत्यूनंतर एन्थोवेन या अधिकाऱ्याने ती छापली. कोकणचा खंड १९१५ मध्ये आला आणि त्यात ठाणे जिल्ह्यातल्या मास्तरांनी पाठवलेली माहितीही आहे. ती वाचताना एक गोष्ट लगेच कळते. भुतं घरात कमी आणि हद्दीवर जास्त. गावची शीव, ओढा, तिठा, घाट. जिथे ‘आपलं’ संपतं, तिथे ती उभी असतात. आजही लिंबू-मिरची पडलेली असते ती तिठ्यावरच, नाही का?

मग रस्त्यावर गाड्या आल्या आणि भुतांनीही चालणं सोडलं! आता ती लिफ्ट मागतात. पांढऱ्या साडीचं श्रेय मात्र बॉलीवूडला द्यायला हवं. १९६४ च्या राज खोसलांच्या ‘वह कौन थी?’ची सुरुवात आठवा. धो-धो पाऊस, गाडीत डॉक्टर मनोजकुमार, रस्त्यात उभी पांढऱ्या साडीतली साधना, आणि ती उतरते कुठे, तर कब्रस्तानापाशी. साठ वर्षं झाली तरी आपल्या प्रत्येक हायवेवरच्या भुताचा ड्रेसकोड बदललेला नाही.

बरं, हे फक्त आपल्याकडेच आहे असं समजू नका. अमेरिकेत बिअर्डस्ली आणि हँकी या अभ्यासक जोडीने १९४२ मध्ये गायब होणाऱ्या लिफ्टवाल्या प्रवाशाच्या तब्बल ७९ गोष्टी जमवून छापल्या. पुढे १९८१ मध्ये यान हॅरल्ड ब्रुनव्हान्ड यांनी शहरी दंतकथांवर पुस्तक काढलं, त्याला नावच ‘द व्हॅनिशिंग हिचहायकर’ असं दिलं. शिकागोत तर पांढऱ्या ड्रेसमधली ‘रिझरेक्शन मेरी’ १९३० च्या दशकापासून आर्चर अॅव्हेन्यूवर गाड्या थांबवतेय म्हणे. मोटारी येण्याआधी हीच पाहुणी घोडागाडीत बसायची. म्हणजे ‘मित्राच्या मावसभावाचा कलीग’ जगात सगळीकडे आहे, बॉस!

घाटातली मंडळी

आपल्या घरापासून दोनेक तासांत पोचता येईल असा हॉरर स्पॉट म्हणजे कसारा घाट. मुंबई-नाशिक रस्त्यावरची इथली फेमस पात्रं म्हणजे डोकं नसलेली (म्हणजे अक्षरशः नसलेली!) म्हातारी. रात्री रस्त्याच्या कडेला दिसते, हसते, असं सांगतात. डोकं नसताना हसते कशी, हे विचारायचं नाही! पण याच घाटाच्या माथ्यावर, इगतपुरीला घाटनदेवीचं देऊळ आहे. भीती आणि तिचा उतारा, दोन्हींची सोय एकाच रस्त्यावर.

दुसरा कशेडी. पोलादपूर ते खेडच्या मधला मुंबई-गोवा महामार्गावरचा घाट. इथे म्हणे रात्री एक जण गाडी थांबवतो आणि विचारतो, ‘डब्यात नॉनव्हेज आहे का?’ नाही म्हणालात किंवा न थांबता गेलात तर पुढच्या वळणावर अपघात ठरलेला. ही गोष्ट ऐकली की कोकणातली कुठलीही आजी मान डोलावेल. रात्रीच्या वेळी मटण-मासे घेऊन वाट चालू नये, मागे लागतं, हा तिकडचा जुना नियम. तोच घाटात येऊन मोटारीत बसला. २०२३ च्या गणपतीत कशेडीच्या बोगद्यातून गाड्या सुटायला लागल्या आणि कित्येकांचा घाट टळला. आता तो पाहुणा डब्यासाठी कुणाची वाट बघत असेल कोण जाणे.

आणि तिसरा, सगळ्यांत वेगळा, शिंग्रोबा. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने खोपोलीहून वर चढताना बोरघाटात त्याचं देऊळ लागतं. १९२९ मधलं. ट्रकवाले, एसटीवाले गाडी हळू करतात आणि नाणं टाकून पुढे जातात. गोष्ट अशी सांगतात. इंग्रजांच्या इंजिनिअरांना घाटातून वाट सापडेना. शिंग्रोबा नावाच्या धनगराने आपल्या मेंढरांची रोजची वाट त्यांना दाखवली. बक्षीस काय हवं, असं विचारल्यावर तो म्हणाला, ‘आमचा देश आम्हाला द्या!’ आणि त्याला तिथेच गोळी घालण्यात आली.

दंतकथाच ही. पण ज्या घाटात ती सांगितली जाते तिथली रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली, आणि ती बांधताना हजारो मजूर कॉलऱ्याने, तापाने, सुरुंगाने, कड्यावरून पडून मेले, हा मात्र इतिहास आहे. त्यांची नावं कुठल्या दगडावर नाहीत. ड्रायव्हर ज्याला नाणं टाकतो, त्या एका शिंग्रोबाच्या नावाने ते सगळे आपल्याला आठवायला हवेत.

शाप आणि यंत्र

‘ही सगळी जुनी फंडेबाजी, आता कोण मानतं?’ असं वाटतंय? मग महाराष्ट्रातल्या सगळ्यांत मॉडर्न रस्त्याकडे चला. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला. सरळसोट, गुळगुळीत, सिमेंटचा. अपघातांची मालिका लगेच सुरू झाली. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि २५ जण गेले. त्यात पुण्यात नोकरी-शिक्षणासाठी निघालेली तरुण मुलंमुली होती. आपल्यासारखीच.

त्यानंतर काय झालं? ‘रस्ता शापित आहे’ ही कुजबुज सुरू झाली. काही मंडळींनी अपघाताच्या जागेजवळ महामृत्युंजय यंत्र बसवलं, जप केला आणि आता या परिसरात अपघात होणार नाहीत असा दावाही केला. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी आक्षेप घेतला, आणि पोलिसांनी २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदवला. हा कायदा डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी वर्षानुवर्षं मागितला आणि त्यांच्या खुनानंतर आला.

यंत्र बसवणाऱ्यांच्या मनात दुःख नव्हतं असं कोण म्हणेल? पण शाप म्हटला की चौकशी संपते. ड्रायव्हर किती तास जागा होता, गाडी कशाला धडकली, लोकांना बाहेर का पडता आलं नाही, हे प्रश्न मग कुणी विचारत नाही.

मग दिसतं ते काय?

सरळ, एकसुरी रस्त्यावर तासन्तास गाडी चालवली की मेंदू ‘ऑटो’ मोडवर जातो. डोळे उघडे, हात स्टीअरिंगवर, पण आत कुणी नाही. याला हायवे हिप्नॉसिस म्हणतात आणि हा शब्द १९६० च्या दशकापासून चर्चेत आहे. समृद्धीच्या संदर्भात तो आपल्याकडेही पेपरांत झळकला. त्याच्या पुढची पायरी मायक्रोस्लीप, म्हणजे काही सेकंदांची डुलकी. ताशी ८० च्या स्पीडला चार सेकंद डोळा लागला तर गाडी जवळपास ९० मीटर पुढे जाते. म्हणजे लोकलचे चार डबे! पहाटे दोन ते पाच ही शरीराची सर्वांत सुस्त वेळ आणि आपल्या सगळ्या भूतकथांचीही हीच वेळ. अर्धवट झोपेत मेंदू स्वप्नाचा तुकडा उघड्या डोळ्यांसमोर आणून ठेवतो. हेडलाइटमध्ये मैलाचा दगड माणूस होतो आणि झाडाला अडकलेली प्लॅस्टिकची पिशवी साडी होते.

कधीकधी तर खरंच कुणीतरी असतं. जानेवारी २०१८ मध्ये उल्हासनगरात चक्क बिबट्या शिरला होता! आपल्या भागाच्या पाठीशी जंगल आहे. अंधारात चमकणाऱ्या दोन डोळ्यांमागे चार पायांचा शेजारी असू शकतो.

आता आकडे बघा. ते भुतांपेक्षा जास्त भीतीदायक आहेत. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं मेली, त्यातली पंधरा हजारांहून अधिक महाराष्ट्रात. दर दहा मृत्यूंपैकी सातांमागे कारण होतं स्पीड. सरकारदरबारी ‘झपाटलेल्या जागे’ला वेगळं नाव आहे, ब्लॅक स्पॉट. रस्त्याच्या साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत पाच गंभीर अपघात किंवा दहा मृत्यू झाले की तो ब्लॅक स्पॉट. गावकरी ज्या वळणाला ‘तिथे काहीतरी आहे’ म्हणतात, तिथे बहुतेकदा खरंच काहीतरी असतं. चुकीचा उतार, झाकलेला बोर्ड, अचानक संपणारा डिव्हायडर.

आणि हे ‘काहीतरी’ उतरवता येतं. मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर २०१६ मध्ये १५१ मृत्यू झाले होते. सेव्हलाइफ फाउंडेशन, रस्ते विकास महामंडळ आणि हायवे पोलिसांनी मिळून एकेक जागा तपासली, उघडे खांब-कठडे झाकले, बॅरिअर लावले, उभ्या ट्रकांवर आणि स्पीडवर कारवाई केली. २०१९ मध्ये आकडा ९२ वर आला. इथे भगत इंजिनिअर होता आणि लिंबाच्या जागी क्रॅश बॅरिअर!

ती बाई खरीच असली तर?

या गोष्टींचा टाइमपास मस्त होतो, पण त्यांच्यात एक नियम दडलेला असतो. ‘काही झालं तरी गाडी थांबवायची नाही.’ आणि तो आपण नकळत पाळायला लागतो.

त्याला व्यवहाराची बाजू आहे हे खरं. घाटांत लुटालूट व्हायची, रस्त्यात दगड टाकून, बाई उभी करून गाड्या अडवल्या जायच्या. पण विचार करा. शेवटच्या लोकलने उतरलेली, रिक्षा न मिळाल्याने अंधाऱ्या रस्त्यावर एकटी उभी असलेली मुलगी तुमचीच कलीग असू शकते. तिला भुतांची भीती नाहीये, माणसांची आहे. आणि तिच्या शेजारून भुर्रकन जाणारा म्हणतो, ‘थांबू नकोस, ती बाई नाहीये!’ रस्त्यावर हात करणारा तो माणूस बाइकवरून पडलेल्या मित्रासाठी मदत मागत असू शकतो. अपघातानंतरचा पहिला तास म्हणजे गोल्डन अवर, आणि तो बघ्यांच्या आणि न थांबणाऱ्यांच्या हातात असतो.

पूर्वी लोक पोलिसांच्या लफड्याला घाबरायचे. ते कारण आता उरलेलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये मदत करणाऱ्यांना संरक्षण देणारे नियम बंधनकारक केले आणि २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यातच कलम १३४ अ आलं. जखमीला मदत करणाऱ्यावर खटला होत नाही, नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही. उलट गंभीर जखमीला वेळेत हॉस्पिटलात पोचवणाऱ्याला ‘राह-वीर’ योजनेत २५ हजारांचं बक्षीस आहे.

आणि थांबणं आपल्या भागाला नवीन नाही. २७ जुलै २०१९ ला उल्हासच्या पुरात बदलापूर-वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली. आत एक हजारावर माणसं, बाहेर सगळीकडे पाणी. एनडीआरएफ, नौदल, हवाई दल आलंच, पण आसपासच्या गावांतली माणसंही मदतीला धावली. अनोळखी प्रवाशांना कुणी ‘तुम्ही खरे आहात ना?’ असं विचारलं नाही.

नाइट ड्राइव्हचे फंडे

* पहाटे दोन ते पाच गाडी टाळा. निघावंच लागलं तर दर दोन तासांनी थांबा, चहा घ्या, चार पावलं चाला. खिडकी उघडणं, गाणी मोठ्याने लावणं याने झोप जात नाही, फक्त लपते.
* पिऊन चालवू नका. जगातली सगळ्यांत जास्त भुतं बाटलीतूनच बाहेर पडतात.
* मागच्या सीटवरही बेल्ट आणि पिलियनलाही हेल्मेट. लिफ्ट मागणाऱ्या पांढऱ्या साडीवाल्या पाहुणीलासुद्धा!
* कुणी मदत मागताना दिसलं तर आधी ११२ किंवा १०८ ला फोन करा. गाडी थोडी पुढे, उजेडात आणि रस्त्याच्या कडेला घ्या, ब्लिंकर लावा, आतूनच विचारा. एकटे असाल तर खाली उतरायची घाई नको, पण फोन नक्की करा.
* एखाद्या वळणावर वारंवार अपघात होत असतील तर ग्रुपवर भुताचा व्हिडिओ फॉरवर्ड करण्याऐवजी फोटो काढून नगरपरिषदेकडे, बांधकाम खात्याकडे नाहीतर ट्रॅफिक पोलिसांकडे तक्रार द्या. लेखी. पोच घ्या. पुन्हा द्या.
* गोष्टी मात्र बिनधास्त सांगा. पण गाडी पार्क करून! घाटाच्या वळणावर ड्रायव्हरला मागे वळून बघायला लावणारी गोष्ट सांगू नये, एवढं पथ्य पाळलं की झालं.